चेकिंग झाल्याशिवाय कागद नाही

फिटरमामाचा दिवस पहाटे पावणेपाचला उजाडायचा. काम सोडून आठवडा झाला होता, पण ही बातमी अजून त्याच्या डोळ्यांपर्यंत पोचली नव्हती. पावणेपाच झाले की ते टक्क उघडायचे. मग मामा उठायचा, तोंड धुवायचा, शर्ट चढवायचा आणि थेट दारापर्यंत जायचा. तिथं गेल्यावर त्याला आठवायचं.

“कुठं निघालात?” मामी अंथरुणातूनच विचारायची.

“कुठं नाही.”

“मग चपला काढा.”

स्लॅबमध्ये, खांबात, बीममध्ये सिमेंट ओतायच्या आधी आत सळयांचा सांगाडा बांधावा लागतो. तो बांधतो त्याला फिटर म्हणतात. मामानं हे काम एकोणचाळीस वर्षं केलं. उभी सळई, आडवी सळई, जिथं दोघी भेटतात तिथं तार, आकडीनं दोन पीळ, की पुढची गाठ. हात बसलेला असेल तर एका गाठीला तीन सेकंद लागतात. नसेल तर तार बोटात शिरते. दिवसाला हजार गाठी म्हणजे बरा दिवस, बाराशे म्हणजे चांगला. हे सगळं कमरेत वाकून करायचं. साइटवरची लहानथोर माणसं त्याला मामा म्हणायची, त्यामुळं घरच्या बाईची आपोआप मामी झाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

सण चार दिवसांवर आला होता. मामीनं सजावटीचं सामान काढलं: रंगीत कागद, जुन्या मासिकांची गुळगुळीत मुखपृष्ठं, कात्री, दोऱ्याचं रीळ आणि वाटीभर खळ. दरवर्षी ती हे एकटीच करायची, कारण सण आला की मामाच्या साइटवर नेमका स्लॅब भरायचा असायचा. तिचा हात भराभर चालायचा. मुखपृष्ठांच्या पट्ट्या कापून कड्यात कडी अडकवली की दारावरची साखळी. कागदाला पंख्यासारख्या घड्या घालून मध्ये दोरा आवळला की फूल. रिकाम्या बरणीला बाहेरून रंगीत कागद चिकटवून आत दिवा ठेवला की भिंतीवर रंग. कंदिलाला बांबूच्या चार कामट्या, वर-खाली एकेक चौकोन, आठ ठिकाणी दोरा आणि अर्धा तास.

यंदा मामा शेजारी बसून बघत होता. बघणं त्याला जमत नव्हतं.

“ही गाठ दोऱ्याची?”

“मग कशाची? सोन्याची?”

“दोरा ढिला पडतो.”

“दोन दिवस तर टांगायचाय. आपल्याला त्यात राहायला जायचंय का?”

मामानं दोऱ्याची एक गाठ ओढून पाहिली. पण दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी संध्याकाळी लेक येणार होती, आणि तिच्यासोबत विहीणबाई पहिल्यांदाच या घरात पाऊल ठेवणार होत्या.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या लग्नात मांडवाची सगळी कागदी सजावट मामीनं हातानं केली होती. पंगतीत कुणीतरी मोठा पंखा लावला. एक फूल सुटलं, तरंगत तरंगत आलं आणि बरोबर विहीणबाईंच्या ताटात उतरलं. विहीणबाईंनी ते उचललं, उलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, “हातचं काम आहे. कळतंय.” एवढंच. पण त्या दिवसापासून सासरी काहीही तुटलं, उसवलं, गळालं की लेकीला एक वाक्य ऐकावं लागायचं: “तुमच्याकडचं टिकत नाही.” कपाचा कान निघाला, तुमच्याकडचं टिकत नाही. छत्रीची काडी वाकली, तेच. छत्री तर त्यांच्याकडचीच होती. लेक फोनवर हसून सांगायची, पण मामीला ते हसणं ओळखू यायचं. शुक्रवारी विहीणबाईंना बोट ठेवायला जागा मिळाली, तर ती चूक पुढची दहा वर्षं लेकीच्या डोक्यावर पडणार होती.

“यंदा कंदील मी बांधतो,” मामा म्हणाला. “बघू कुठून काय सुटतं ते.”

सोमवारी त्यानं कामट्या आणल्या. एकेक डोळ्यासमोर धरून सरळ आहे का पाहिली. निम्म्या परत केल्या. दुकानदार म्हणाला, “मामा, कंदीलच ना?” मामा म्हणाला, “म्हणूनच.” भिंतीवर खडूनं माप काढलं. बारा उभ्या कामट्या, बारा रिंगा, दोन रिंगांत तीन इंच अंतर. गाठी एकशे चव्वेचाळीस, सगळ्या तारेच्या.

मामी त्याची हेल्पर झाली. तिनं अर्ज केला नव्हता.

“तार.”

“ही घ्या.”

“ही लांब आहे. चार इंच म्हटलं होतं.”

“साडेचार आहे. अर्ध्या इंचानं काय आभाळ कोसळणार आहे?”

“आभाळ नाही. स्लॅब कोसळतो.”

कामटी सळईसारखी नसते. तार जास्त आवळली की चिरते, कमी आवळली की फिरते. त्यामुळं तीन सेकंदांच्या गाठीला मामाला पाऊण मिनिट लागत होतं. कामट्या बारीक चिरायच्या, तासायच्या, त्यांच्या रिंगा वाकवायच्या, आणि मग गाठ. जेवण आणि झोप सोडली तर दोन दिवस तो कामावरून उठलाच नाही. मंगळवारी संध्याकाळी सांगाडा पुरा झाला. कमरेएवढा उंच, पिंपासारखा गोल. मामानं तो जमिनीवर आडवा ठेवला आणि त्यावर बसला. सांगाड्यानं हूं की चूं केलं नाही.

“आता उठा,” मामी म्हणाली, “म्हणजे मी कागद लावते.”

“कागद? चेकिंग कुठं झालंय?”

मामीला वाटलं, चेष्टा करतायत. मामानं चेष्टा शेवटची केली होती ती लग्नाच्या आधी.

गोष्ट अशी की फिटरचं काम पुढं झाकलं जातं. एकदा सिमेंट पडलं की आत किती गाठी घातल्या, किती गाळल्या, देवाला ठाऊक. म्हणून नियम असतो. साहेब येणार, सळया मोजणार, अंतर मापणार, गाठी हलवून बघणार, आणि मगच वर माल पडणार. मामा बावीस वर्षांचा असताना एका ठेकेदारानं घाई केली आणि चेकिंगच्या आधीच बीम भरून टाकला. सकाळी साहेब आला. म्हणाला, फोडा. बारा माणसं दोन दिवस घण मारत होती. त्या बाराजणांत मामा होता. आतल्या गाठी सगळ्या नीट निघाल्या, पण तळहाताची सालटी काही परत लागली नाहीत. तेव्हापासून तपासल्याशिवाय त्यानं काही झाकू दिलं नाही.

“बरं, मी तपासते,” मामी म्हणाली.

“तू तार दिलीस. हेल्परनं चेकिंग करायचं नसतं.”

“मग तुम्ही करा.”

“मी बांधलंय!”

मामीनं कागदाची गुंडाळी ठेवून दिली. ठेवून दिली म्हणजे आपटली. कागदाचा आवाज मोठा होत नाही, पण तिनं प्रयत्न केला.

बुधवारी मामा सांगाडा खांद्यावर घेऊन जिना उतरला. तळमजल्यावर शिंप्याचं दुकान होतं. शिंप्यानं मशीन न थांबवता वर पाहिलं. “मस्त!” म्हणाला.

“मस्त नको. गाठी बघा.”

“बघितल्या की. मस्तच.”

समोरच्या दारात निवृत्त मास्तर राहायचे. त्यांनी सांगाडा फिरवून फिरवून पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला. मामाला आशा वाटली.

“दहापैकी आठ,” मास्तर म्हणाले.

“दोन कुठं गेले?”

“कुठं म्हणजे?”

“कुठली गाठ चुकली ते दाखवा ना. मी सोडून पुन्हा बांधतो.”

“चुकली नाही हो. मी कुणालाच आठाच्या वर देत नाही. माझ्या स्वतःच्या मुलाला साडेसात दिले होते.”

शेवटी मामानं जुन्या साहेबांना फोन लावला. साहेब बराच वेळ हसले. मग म्हणाले, “मामा, आता आराम करा. फोटो पाठवा, मी ओके करतो.”

“फोटोत गाठ हलवून बघता येते का साहेब?”

साहेबांना दुसरा फोन आला.

गुरुवार असाच गेला. दारावर साखळ्या लागल्या, खिडकीत बरण्या लागल्या, आणि खोलीच्या मधोमध सांगाडा उघडाच. मामीनं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, बोलणं सोडून पाहिलं. बोलणं सोडल्यावर मामाला थोडं बरंच वाटलं असावं, म्हणून तिनं पुन्हा सुरू केलं.

“अहो, उद्या विहीणबाई येणार. त्यांना काय दाखवायचं? पिंजरा?”

“न तपासलेल्या गाठीवर कागद लावायचा नाही.”

“लेकीला ऐकून घ्यावं लागेल.”

ते मात्र मामाला लागलं. तो उठला, खळीची वाटी जवळ ओढली, कागद हातात घेतला. बराच वेळ कागद हातातच राहिला. एकोणचाळीस वर्षांत हाताला जे शिकवलं, ते हात आता विसरेना. त्यानं कागद खाली ठेवला आणि वाटीवर झाकण घातलं.

“उद्या सकाळपर्यंत कुणी मिळालं नाही तर लाव तू. मी बाहेर जाऊन बसतो.”

शुक्रवारी सकाळी मामी कामाला लागली, म्हणजे केर काढला, फरशी पुसली, चादरी बदलल्या, आणि दुपारी चहा पिऊन कागद लावायचा असं ठरवलं. विहीणबाई सहाला येणार होत्या. अर्ध्या तासाचं काम. भरपूर वेळ होता.

पावणेचारला जिन्यात धापा टाकल्याचा आवाज आला. “ह्या जिन्याला… धरायला… काही नाहीच का?”

मामीच्या हातातली बशी तिथंच थांबली. “आल्या! सव्वादोन तास आधी!”

तिनं पलंगावरची धुतलेली चादर ओढली आणि सांगाड्यावर टाकली. लेक आधी आत आली. आईचा चेहरा, चादर आणि चादरीखालचं ते पिंप पाहून तिनं भुवया उंचावल्या. मागून विहीणबाई. उंच, सडसडीत, खांद्याला पर्स, आणि नजर अशी की खोलीतल्या वस्तू आपापल्या जागी जरा सरळ झाल्या.

त्यांनी दारावरची साखळी पाहिली. बोटानं एक कडी ओढून पाहिली. सुटली नाही. खिडकीतल्या बरण्या पाहिल्या. मग चादरीकडं वळल्या.

“हे काय आहे?”

“कपडे,” मामी म्हणाली.

“कंदील,” त्याच क्षणी मामा म्हणाला.

विहीणबाईंनी चादर उचलली. खाली शिंप्याची मशीन तेवढी चालू होती.

“याला कागद नाही.”

“नाही,” मामा म्हणाला.

“आज सण आहे.”

“हो.”

“मग?”

मामी डोळ्यांनी खुणावत होती: संपला म्हणा, दुकान बंद होतं म्हणा, काहीही म्हणा. मामाला खोटं बोलता यायचं नाही असं नाही. त्याला पटकन बोलता यायचं नाही.

“चेकिंग झालं नाही,” तो म्हणाला. “गाठी बांधून तयार आहेत. एकशे चव्वेचाळीस. कुणी नीट तपासून देईना. तपासल्याशिवाय मी झाकत नाही.”

लेकीनं मान खाली घातली. तिला पुढची दहा वर्षं स्पष्ट दिसत होती.

विहीणबाईंनी पर्स खांद्यावरून काढली आणि लेकीच्या हातात दिली. चष्मा बदलला.

“खालून वर बघायचं की वरून खाली?”

“अं?”

“तुमच्याकडं पद्धत काय?”

“खालून वर,” मामा सावरून म्हणाला. “डावीकडून.”

“आमच्याकडंही.” त्या खाली बसल्या, सांगाड्याची पहिली रिंग दोन बोटांत धरली आणि पहिल्या गाठीला नखानं टिचकी मारली. मग दुसरीला. मग तिसरीला. ओठ हलत होते. त्या मोजत होत्या.

मामीनं लेकीला कोपरानं ढोसलं. “हे काय चाललंय?”

“तेच त्यांचं काम होतं ना, आई. कपड्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बत्तीस वर्षं. एक टाका ढिला निघाला की अख्खा गठ्ठा परत.”

“तू कधी सांगितलं नाहीस!”

“कारखान्यात होत्या म्हणून सांगितलं होतं की. पुढचं तुम्ही विचारलंच नाही.”

पाचवी रिंग झाली. आठवी झाली. चहा निवला. मामा बाजूला हात मागं बांधून उभा होता, साहेब आल्यावर उभा राहायचा तसा. दहाव्या रिंगेला विहीणबाईंचं बोट थांबलं. टिचकी मारली. पुन्हा मारली. हात पुढं केला. “खडू.”

मामानं खिशातून खडू काढून दिला. त्यांनी कामटीवर फुली मारली.

“ही ढिली आहे.”

“शक्य नाही.”

“हलवून बघा.”

मामानं हलवली. गाठ हलली. अगदी केसभर, पण हलली. मामा गाठीकडं बघत राहिला, आणि मग आठवल्यासारखा सावकाश मामीकडं वळला.

“तू तेव्हा चहाला हाक मारलीस.”

“वा! आता चहावर ढकला.”

“दुसरा पीळ द्यायचा राहिला.”

“चहा पिताना दोन कप प्यायलात. ते बरे राहिले नाहीत!”

लेक खुदकन हसली आणि लगेच सासूकडं बघून थांबली. पण सासूचं लक्ष अकराव्या रिंगेवर होतं. मामा खाली बसला, गाठ सोडली, नवी तार घेतली. त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी खुलला होता. एकशे चव्वेचाळीसमधली एक चुकलेली गाठ कुणीतरी शोधून काढली होती! म्हणजे उरलेल्या एकशे त्रेचाळीससुद्धा कुणीतरी पाहिल्या होत्या.

बाराव्या रिंगेनंतर विहीणबाई उठल्या. गुडघे वाजले.

“पास,” त्या म्हणाल्या. “चुकलेली परत दाखवा.”

मामानं दाखवली. टिचकी. “पास.”

“चला, सरका आता,” मामीनं बाह्या वर केल्या. “हे काम माझं. अर्धा तास. कुणी मला माप सांगायचं नाही.”

ती कागद लावायला बसली आणि तिचा हात नेहमीच्या वेगानं चालू लागला. कागद पसरला, कडेला बोटभर खळ, कामटीवर दाब, वरून मुठीनं सारखा. विहीणबाई समोरून कागदाचं टोक धरून बसल्या. तिसऱ्या कागदाला त्या म्हणाल्या, “लग्नात फुलाला खळ एकाच ठिकाणी लावली होतीत. दोन ठिकाणी लावायची.”

मामीचा हात थांबला. दोन वर्षं साठवलेलं बोलणं तिच्या ओठांवर आलं. “तेव्हाच सांगायचं होतं ना. दोन वर्षं लेकीला काय ऐकवता? तिनं चिकटवलं होतं का ते फूल?”

खालची मशीनसुद्धा नेमकी त्याच वेळी थांबली. विहीणबाईंनी चष्म्यावरून सुनेकडं पाहिलं. सून छताकडं बघत होती.

“हिला लागतं होय ते?”

“मग काय गुदगुल्या होतात?”

विहीणबाईंनी जरा विचार केला. “आमच्या टेबलावर चूक दिसली की बोलायचं, एवढंच ठाऊक. बोलल्यावर कुणाला लागतं का, ते बघायचं खातं दुसरं होतं.” मग कागदाचं टोक मामीकडं सरकवत म्हणाल्या, “बोलणार नाही. म्हणजे, छत्रीचं तरी बोलणार नाही. धरा, सुरकुती पडतेय.”

मामीनं धरलं. एवढ्यावर तिनं भागवून घेतलं.

अंधार पडला तेव्हा कंदील दाराबाहेर टांगला. टांगायला मामा, लेक आणि मास्तर, तिघं लागले. मास्तर म्हणाले, हा जरा जड आहे. मामा म्हणाला, मार्क कापा. दिवा लागला. कागद पिवळा उजळला आणि आतल्या कामट्या काळ्या रेघांसारख्या उमटल्या. समोरच्या भिंतीवर चौकटींची जाळी पडली, आणि प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात एकेक बारका ठिपका. गाठी. झाकलेल्या असूनही दिसत होत्या. मामा बराच वेळ भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. शिंपी वर आला, त्यानंही पाहिलं, आणि मस्त म्हणाला.

“चौथ्या आणि पाचव्या रिंगेत अंतर थोडं जास्त आहे,” विहीणबाई म्हणाल्या.

“किती?”

“दोन सूत.”

“मान्य,” मामा म्हणाला.

विहीणबाई निघाल्या तेव्हा त्यांना जिना उतरवायला दोघी लागल्या. एका बाजूला मामी, दुसरीकडं लेक. भिंतीला तळहात घासत त्या एकेक पायरी उतरत होत्या आणि दर पायरीला थांबत होत्या.

“हा जिना तपासला कुणी?” पहिल्या मजल्यावर त्यांनी मान वर करून विचारलं. “कठडाच नाही. मी परत यायचं म्हटलं तर कशी यायची?”

परत यायचं म्हटलं, हे मामीनं ऐकलं. वर उभ्या असलेल्या मामानंही ऐकलं. त्या रात्री लेकीनं फोन केला तो तक्रारीचा नव्हता. ती एवढंच म्हणाली, “घरी पोचल्यापासून शेजारणीला कंदिलाचं सांगतायत. एक गाठ ढिली होती तेही सांगतायत, पण एकच होती हे तीनदा सांगितलं.”

पुढच्या सोमवारी मामाचा शेवटचा पगार हातात आला. मामीला वाटलं होतं, आता नवं कपाट येईल. मामानं तिला घेऊन जिना मोजला: बत्तीस पायऱ्या, दोन वळणं. तिनं एकदा कपाटाचं नाव काढलं, मग खालच्या पायरीवर उभी राहून वर पाहिलं आणि म्हणाली, “पाइप जाड घ्या. त्या धरून हलवून बघणार.” मामानं लोखंडी पाइप घेतला, वेल्डरला बोलावलं, दोन जोड घासून परत करायला लावले. काम आठवडाभर चाललं. शेवटी वेल्डरनं मजुरी घेताना सांगितलं की आयुष्यात एवढी बोलणी त्यानं सासऱ्याचीही खाल्ली नव्हती.

एकोणचाळीस वर्षं वाकून बांधलेल्या गाठींचा शेवटचा पगार त्या कठड्यात गेला. तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत, हाताला येईल एवढ्या उंचीवर, बत्तीस पायऱ्या सलग.